चोर्ला उतरताना लिव्हर हँडलला टेकला : ब्रेकमध्ये मिनरल ऑइल घालू की डॉट?

दिवाडचा_फेरीवाला

नमस्कार मंडळी. इथे सायकलवर धागे कमी निघतात, आणि निघाले तरी गिअरपाशी येऊन थांबतात. हा ब्रेकचा आहे.

गेल्या वर्षी बेळगावच्या मित्राकडून जुनी एमटीबी (माउंटन बाइक) घेतली. दोन्ही चाकांना हायड्रॉलिक डिस्क. पावसाळ्याआधी मागचा ब्रेक जरा मऊ वाटला म्हणून वाटेतल्या एका मोटरसायकलच्या गॅरेजात थांबलो. मेकॅनिक भला माणूस, पैसेसुद्धा घेईना. पल्सरमध्ये घालतात ती डॉट ४ ची बाटली काढली, दोन्ही लिव्हरची झाकणं उघडली, काठोकाठ भरलं आणि म्हणाला, "ब्रेक ऑइल म्हणजे ब्रेक ऑइल, जा आता." मीही गेलो.

परवा रविवारी चोर्ला घाट. केरीहून पहाटे चढलो, वर चहा झाला, तोवर सगळं छान. उतरताना धुकं, ओला रस्ता आणि पुढे बेळगावहून भाजी आणणारा टेम्पो. मागचा ब्रेक मी सारखा दाबून धरलेला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर लिव्हर सरळ हँडलला टेकला. आत काही नाहीच असा रिकामा. पुढच्या ब्रेकवर आणि देवावर हवाला ठेवून कसाबसा कडेला थांबलो. पंधरा-वीस मिनिटं दगडावर बसून होतो. मग लिव्हर पुन्हा दाबून पाहिला, तर टणक! जसं काही झालंच नव्हतं.

पुढच्याची तऱ्हा निराळी. तो लागतो, पण सुटत नाही. लिव्हर आळसावल्यासारखा परत येतो आणि चाक फिरवलं की पॅड घासतात.

आता दोन्हींतलं ऑइल बदलायचं आहे. एक जण म्हणतो मिनरल घे, आपल्या दमट हवेला तेच बरं. दुसरा म्हणतो डॉट ५.१ घे, घाटाला चांगलं. जाणकारांनी सांगावं.

चढाव_नको

आमच्या पोदेराच्या सायकलला सळीचे ब्रेक आहेत. मागे पावाची पाटी, हातात भोंगा, आणि चाळीस वर्षांत ऑइल बदललेलं नाही. एवढंच बोलून मी खाली बसतो.

तुटकी_साखळी

(नाव वाचून हसू नका, मी साखळी गावचाच आहे आणि चेनही खरंच तुटली होती.)

फेरीवाल्या, कुठलं ऑइल बरं हा प्रश्नच चुकतोय रे. ते तू ठरवायचं नसतं, ब्रेक बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. शिमानो, टेक्ट्रो, माग्युरा म्हणजे मिनरल ऑइल. होप, हेज आणि स्रॅमचे बरेचसे ब्रेक म्हणजे डॉट. तुझे ब्रेक कुठले ते आधी सांग. लिव्हरच्या झाकणावर किंवा कॅलिपरवर (चाकापाशी पॅड आणि पिस्टन असतात तो भाग) बहुधा लिहिलेलं असतं, चिखल पुसून बघ. जमलं तर फोटो टाक.

बेळगावी_कुंदा

स्रॅम म्हणजे डॉट हे आता डोळे मिटून म्हणू नका. २०२२ मध्ये आलेला त्यांचा डीबी८ मिनरल ऑइलवर चालतो, २०२४ चा मेव्हनसुद्धा. फॉर्म्युलाचंही तसंच, त्यांचा कुरा मिनरलवाला आहे, बाकीचे डॉटवाले. कंपनी बघून नव्हे, तो ब्रेक बघून ऑइल घ्यायचं.

दिवाडचा_फेरीवाला

पुसून बघितलं आणि डोक्याला हात लावला. पुढचा शिमानो एमटी२००, मागचा स्रॅमचा जुना लेव्हल. मित्राला फोन केला, तर म्हणतो, "हो रे, मागचा मोडला होता म्हणून दुसरा लावला, सांगायचं राहिलं." म्हणजे एकाच सायकलवर दोन जातीचे ब्रेक, आणि दोन्हींत एकाच बाटलीतलं ऑइल.

तुटकी_साखळी

मग उलगडलं सगळं. पुढच्यात चुकीचं ऑइल गेलं. मागच्यात जात बरोबर होती, पण काम अर्धवट झालं. दोन वेगळे आजार आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

रसायन_ताई

मी मडगावला शिकवते, सायकल फक्त कोलव्यापर्यंत चालवते, त्यामुळे घाटाबद्दल बोलत नाही. ऑइलबद्दल बोलते.

'डॉट' हे मुळात अमेरिकेच्या परिवहन खात्याचं आद्याक्षरी नाव. डॉट ३, ४ आणि ५.१ ही ग्लायकॉल ईथर कुळातली द्रवं. खरं तर ती तेलं नव्हेतच, पाण्यात विरघळतात. मिनरल ऑइल पेट्रोलियमपासून काढलेलं खरंखुरं तेल, पाण्यात मिसळत नाही. प्रश्न येतो तो ब्रेकच्या आतल्या रबराचा. डॉटच्या ब्रेकमध्ये ईपीडीएम रबराचे सील असतात. ते ग्लायकॉलमध्ये वर्षानुवर्षं सुखाने राहतात, पण मिनरल ऑइल लागलं की फुगतात. मिनरलच्या ब्रेकमध्ये सहसा नायट्राइल रबर असतं. त्याचं पेट्रोलियमशी जमतं, डॉटशी नाही. आमसुलाची कढी ॲल्युमिनियमच्या टोपात ठेवू नकोस असं आजी सांगायची, तसंच हे. कढीत खोट नाही, टोपातही नाही, फक्त त्यांची गाठ घालायची नाही.

पुढच्या ब्रेकमध्ये पिस्टनभोवतीचा सील फुगला असणार. एरवी तो सील पिस्टनला थोडा मागे खेचतो, म्हणून पॅड डिस्कपासून सुटतात. फुगलेला सील पिस्टनला आवळून बसतो.

बाटलीत काय आहे याची शंका असेल तर घरी ओळखता येतं. कपात पाणी घ्या, दोन थेंब टाका. वर तरंगत राहिलं तर मिनरल, पाण्यात मिसळून गेलं तर डॉट. तो कप पुन्हा चहाला वापरू नका.

म्हापशेकार

+१ ताई. शिमानोचं ऑइल गुलाबी-लालसर असतं, माग्युराचं निळं, डॉट फिकट पिवळं. रंगावरूनही अंदाज येतो, पण जुनं झालं की सगळीच काळपटतात.

निवृत्त_पर्वरी

सदतीस वर्षं सरकारी कार्यशाळेत गाड्या दुरुस्त केल्या, सायकल निवृत्तीनंतर धरली. मागच्या ब्रेकबद्दल सांगतो, कारण तिथे शिकण्यासारखं जास्त आहे.

लिव्हर गरम असताना खाली बसला आणि गार झाल्यावर पुन्हा टणक झाला, हे सर्वांत महत्त्वाचं लक्षण. नळीत नुसती हवा असती तर घरातून निघतानाही लिव्हर मऊ लागला असता. पॅड तापून बेकार झाले असते तर लिव्हर घट्ट राहिला असता, पण सायकल थांबली नसती. तुमचा हँडलला टेकला, म्हणजे ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही बोटाने वाफ दाबत होता, पॅडपर्यंत काही पोचत नव्हतं. गार झाल्यावर वाफेचं परत द्रव झालं, लिव्हर आला ठिकाणावर.

आता उष्णता किती ते बघा. तुम्ही आणि सायकल मिळून ९० किलो धरा, उतार ७०० मीटरचा धरा. गुणाकार केला की सहा लाख ज्यूलच्या वर जातं. घरच्या तपमानाच्या जवळजवळ दोन लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी ही ऊर्जा. काही वाटा वारा खातो, बाकीची त्या दोन पातळ पत्र्यांच्या चकत्यांमधून बाहेर पडायची. आणि तुम्ही मागचा एकटाच दाबून बसलात!

डॉटच्या प्रमाणात उकळबिंदूचे दोन किमान आकडे असतात, कोरडा आणि ओला. डॉट ४ ला कोरडा २३० अंश सेल्सिअस, ओला १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. ओला म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतरचा. हे द्रव हवेतली ओल पितं, सील आणि नळीतूनसुद्धा हळूहळू पितं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ब्रेकचं काय सांगावं! तुमच्या गॅरेजवाल्याने वर ताजं ओतलं, पण खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे जिथे खरी भट्टी पेटते तिथे, मित्राच्या काळातलं जुनंच राहिलं. वरून भरणं म्हणजे ऑइल बदलणं नव्हे.

चढाव_नको

काका, दंडवत. मी परत उभा राहिलो.

गॅरेज_फोंडा

मी मोटरसायकलचा मेकॅनिक. त्या भल्या माणसाच्या बाजूने दोन शब्द. आमच्या धंद्यात पल्सर, बुलेट, कुठलीही डिस्कवाली गाडी आली की डॉटच. मिनरल ऑइलचा ब्रेक आमच्या हातात येतच नाही. त्याने कपटाने केलं नाही. पण झाकणावरचं वाचायला हवं होतं, ते खरं.

डॉटने रंग जातो हे लक्षात ठेवा. फ्रेमवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी ओता, पाण्याने निघतो. नुसतं फडक्याने पुसत बसाल तर पसरेल. हातमोजे घाला, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पावसातला_पेडणेकार

एक भाबडा प्रश्न. मिनरल ऑइलची छोटी बाटली महाग पडते आणि इथल्या दुकानांत मिळत नाही, मागवावी लागते. बेबी ऑइलसुद्धा मिनरल ऑइलच ना? औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन? कोणीतरी खोबरेलही चालतं म्हणाला.

रसायन_ताई

खोबरेल! डिसेंबरात सकाळी बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला लावता येत नाही, चोवीस अंशांच्या आसपास ते थिजायला लागतं. हिवाळ्यात पहाटे चोर्ल्याच्या माथ्यावर ब्रेकमध्ये खोबऱ्याची वडी झालेली असेल. शिवाय खाद्यतेल तापून चिकट होतं, कढईच्या कडा आठवा.

बेबी ऑइल आणि लिक्विड पॅराफिन हे मिनरल ऑइलच्याच घरातले, हे बरोबर. सील लगेच फुगणार नाहीत. पण एक सुगंध घालून अंगाला लावायला केलेलं आणि दुसरं पोट साफ व्हायला. त्यांचा दाटपणा ब्रेकच्या हिशेबाने ठरवलेला नाही. दाट तेल बारीक नळीतून हळू सरकतं, लिव्हर सुस्त होतो. आणि डॉटला जसं एक ठरलेलं प्रमाण आहे, तसं मिनरल ऑइलला सर्वांसाठी एकच असं नाही, प्रत्येक कंपनीचं आपापलं. म्हणून शिमानोत शिमानोचं आणि माग्युरात माग्युराचं घालणं शहाणपणाचं.

बेळगावी_कुंदा

आणि एका ब्रेकमध्ये मावतं किती? दोन-तीन चमचे. शंभर मिलीची बाटली नीट वापरली तर दोन्ही ब्रेकना पुरून उरते. घाटातल्या ब्रेकमध्ये बाळाचं तेल घालून वाचणार ते किती!

म्हापशेकार

माझं वेगळं मत मांडतो, राग नसावा. गोव्यात मिनरलच बरं. डॉट पाणी पितं, मिनरल पीत नाही. विषय संपला.

निवृत्त_पर्वरी

संपला नाही. मिनरल पाणी पीत नाही, हीच त्याची दुसरी बाजू आहे. डॉटमध्ये आलेलं पाणी सगळीकडे विरघळतं, उकळबिंदू उतरतो, पण उतरून उतरून दीडशेच्या वर तरी राहतो. मिनरलमध्ये सैल झाकणातून किंवा ब्लीड करताना, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा काढून नवं भरताना, चुकून थेंबभर पाणी गेलं, तर ते तेलापेक्षा जड म्हणून तळाला जाऊन बसतं. तळाला काय आहे? कॅलिपर. आणि निव्वळ पाणी शंभरला उकळतं.

दोन्हींना देखभाल लागते, रीत वेगळी. डॉट दिनदर्शिका बघून बदलायचं. मी पावसाळा सरला की, चवथ झाल्यावर, वर्षातून एकदा बदलतो, चांगलं दिसत असलं तरी. मिनरल रंग बघून, काळपट झालं की. सांधे आणि झाकणं कोरडी, घट्ट ठेवायची.

म्हापशेकार

मानलं काका. पण नवीन ब्रेक घेताना निवड हातात असेल तर?

निवृत्त_पर्वरी

तर मीही मिनरलच घेईन. कारण हवा नाही, कपाट. फोडलेली डॉटची बाटली आपल्याकडच्या हवेत लवकर निकामी होते, मिनरलची टिकते. वर रंग जायची भीती नाही. पण ही गोष्ट नव्या ब्रेकची. असलेल्या ब्रेकचं ऑइल बदलून त्याला मिनरलवर आणता येत नाही.

तुटकी_साखळी

रच्याकने, मागच्यासाठी ऑनलाइन मागवताना एक सापळा आहे. डॉट ५.१ घ्यायचं, डॉट ५ नव्हे. आकडा जवळचा, वस्तू निराळी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, बहुधा जांभळं, आणि डॉट ४ किंवा ५.१ मध्ये मिसळायचं नसतं. ४ आणि ५.१ एकमेकांत चालतात. ५.१ नाहीच मिळालं तर चांगल्या कंपनीचं, सीलबंद, ताज्या तारखेचं डॉट ४ घाल. शिळ्या ५.१ पेक्षा ताजं ४ केव्हाही बरं.

पुढच्याचं वाईट वाटतं. ऑइल काढून मिनरलने धुऊन बघ म्हणणारे भेटतील. मी त्या फंदात पडणार नाही. डॉट लिव्हरच्या टाकीत, नळीत, कॅलिपरमध्ये, सगळीकडे फिरलंय. शिमानो सील सुटे विकत नाही. अख्खा ब्रेक बदल.

दिवाडचा_फेरीवाला

घरी बोलणी खाल्ली, पण बदलतो. मागचा मी स्वतः ब्लीड करीन म्हणतो. किट नाही. दवाखान्यातल्या सिरिंज चालतील?

तुटकी_साखळी

एका वेळेपुरत्या चालतात. त्यांच्या दट्ट्याचं रबर डॉटमध्ये फुगून अडकतं, म्हणून दोन-तीन जास्तीच्या घेऊन ठेव. मिनरलला वापरलेली सिरिंज डॉटला वापरू नकोस, धुऊनसुद्धा. माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी तोंडावर बसली तर बसली, पण लेव्हलला स्क्रूच्या आट्यांत बसणारं टोक लागतं. ते मात्र मागव, नाहीतर माझं घेऊन जा.

पद्धत थोडक्यात. चाक काढ, पॅड काढ, हे विसरू नकोस. पॅडवर एक थेंब पडला तरी ते कचऱ्यात. पिस्टन मागे ढकलून मध्ये ठोकळा घाल. खालच्या सिरिंजमधून ताजं वर ढकल, वरच्या सिरिंजमध्ये जुनं आणि बुडबुडे येतील. नळीला मध्येमध्ये बोटाने टिचक्या मार, कॅलिपरला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोक, चिकटलेले बुडबुडे सुटतात. घाई केली की हवा राहते. मी पहिल्यांदा रात्री अकराला सुरू केलं होतं, दुसऱ्या दिवशी परत केलं.

झाल्यावर डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. आवाज येतो म्हणून डिस्कवर गंजाचा स्प्रे मारणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

बेळगावी_कुंदा

अवांतर : सायकल कदंब बसच्या टपावर किंवा गाडीच्या डिकीत नेताना चाक काढलेलं असेल तर लिव्हर दाबू नका. मध्ये डिस्क नसल्याने पिस्टन एकमेकांना येऊन भिडतात, मग पातळ पट्टीने उचकटत बसावं लागतं. पुठ्ठ्याची घडी घालून ठेवली तरी काम होतं.

पावसातला_पेडणेकार

घाटासाठी पॅड मेटलवाले टाकावेत का? आमच्या खाणपट्ट्यातल्या लाल चिखलात रेझिनचे पॅड एका पावसात संपले.

तुटकी_साखळी

टिकतात जास्त, ओल्यात पकडतातही बरे. पण आधी डिस्क बघ. स्वस्तातल्या बऱ्याच डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असं कोरलेलं असतं, त्यावर मेटल लावले तर डिस्क खरवडून जाते. आणि मेटलचे पॅड उष्णता ऑइलकडे जास्त पोचवतात, म्हणजे ऑइल ताजं असण्याची गरज वाढते. मागे-पुढे १६० मिमीच्या डिस्क असतील तर पुढची १८० करता येते का ते फ्रेम-फोर्कची माहिती बघून ठरव.

निवृत्त_पर्वरी

आणि बोटं बदला. उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाआधी दोन्ही नीट दाबायचे, वेग उतरवायचा, सोडायचे, वारा लागू द्यायचा.

दिवाडचा_फेरीवाला

तीन आठवड्यांनी परत आलोय. आधी सर्वांना देव बरें करूं.

पुढे नवा एमटी२०० बसवला. मागचा तुटक्या साखळीच्या अंगणात बसून ब्लीड केला, त्याच्या आईने मध्ये दोनदा चहा आणि एकदा पातोळ्या दिल्या. मागून निघालेलं ऑइल बिनदुधाच्या कडक चहासारखं होतं, आणि वर भरलेलं पिवळं तेवढं वेगळं दिसत होतं. काका म्हणाले होते अगदी तसंच. जुना पुढचा कॅलिपर हौसेने उघडून पाहिला. पिस्टन अंगठ्याने हलेना. सील हाताला मऊ, गिळगिळीत.

काल पुन्हा चोर्ला. अंजुणे धरण दिसायला लागेपर्यंत लिव्हर एकाच जागी टणक. मध्ये दोनदा थांबून डिस्कजवळ हात नेला, धग लागते पण लिव्हर हलत नाही. ब्रेक सोडून-सोडून लावायला मात्र अजून जमत नाही, बोटं आपोआप आवळतात.

दोन्ही लिव्हरवर रंगीत टेप लावलीय. पुढे गुलाबी, मागे पिवळी. पुढच्या वेळी कुणा भल्या माणसाने बाटली काढली तर निदान विचारील तरी.

म्हापशेकार

उरलेलं डॉट ५.१ माझ्या पल्सरला दे की रे.

गॅरेज_फोंडा

फोडून तीन आठवडे झालेत, तेही या पावसात. घालू नका. बाटली आणि ते काढलेलं जुनं ऑइल माझ्याकडे आणून द्या, गटारात किंवा बावीजवळ ओतू नका. इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका, वेगळं आणा. रविवारी गॅरेज बंद असतं.